जायबंदी मजुराचा दावा आणि लहान मालकाचे कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेत धर्मगुरूने बोलावयाचे म्हणजे पूर्वजांची श्रद्धा, कुटुंबप्रार्थना किंवा आपल्या मंदिराचा इतिहास यांपैकी एखादा विषय त्याने घ्यावा, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. ते विषय माझ्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनी या व्यासपीठावरून मांडले आहेत. माझा आजचा विषय कोणास कचेरीतला वाटेल, कोणास वकिलाच्या बैठकीतला वाटेल. रोजावर लावलेला मजूर कामावर असता जायबंदी झाला व त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला, तर ख्रिस्ती मालकाने काय करावे, हा तो विषय होय.

हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी या धर्मग्रामात फारसा कोणी विचारला नसता. त्या काळी आपली वसईची माणसे बहुधा वाडीत राबत. केळी, पानवेल, भाजी आणि फुले हे त्यांचे धन होते. मजूर लागलाच तर तो शेजारच्या पाड्यावरचा, पिढ्यानपिढ्या ओळखीचा असे. आज त्याच वाडीवाल्यांचे पुत्र बांधकामाचे ठेके घेतात, टेम्पो चालवितात, मंडप घालतात, लग्नाच्या जेवणावळी करून देतात, लोखंडी दारे-खिडक्या बनविण्याचा कारखाना घराच्या पडवीत काढतात. यांच्यापैकी कोणास ‘मालक’ म्हटले तर तो संकोचेल. दोन माणसे कायमची आणि चार नाक्यावरून आणलेली, एवढाच त्याचा परिवार. परंतु दावा आला म्हणजे कागदावर त्याचे नाव ‘मालक’ या रकान्यातच लिहिले जाते, आणि मग तो गडबडून जातो.

असे एक प्रकरण माझ्या पाहण्यात आले. दोन्ही पक्षांची संमती घेऊन, पण नाव-गाव गाळून, ते मी आपणांपुढे ठेवतो.

२०२२ सालच्या पावसाळ्याच्या तोंडाची गोष्ट. आपल्याच समाजातील एक लहान कंत्राटदार एका सद्गृहस्थाच्या घराच्या वरच्या मजल्याचे काम करीत होता. पाऊस पडण्यापूर्वी बाहेरचा गिलावा उरकावयाचा, म्हणून त्याने सकाळी नाक्यावर जाऊन दोन बिगारी जादा आणले. त्यांतील एक जव्हारकडचा, वय वर्षे चाळीस, घरी बायको व तीन मुले. रोज सहाशे रुपये ठरला. चौथ्या दिवशी दुपारी परांचीचा बांबू सुटला आणि तो माणूस घमेल्यासकट खाली आला. घोट्याचे हाड मोडले, टाच चिरडली. कंत्राटदाराने त्यास स्वतःच्या टेम्पोत घालून रुग्णालयात नेले, शस्त्रक्रियेचे ऐंशी हजार रुपये भरले आणि घरी जाताना बायकोच्या हातावर पाच हजार ठेवले. एवढ्यावर हा मनुष्य वाईट नव्हता हे आपल्या ध्यानात येईल. वाईट मनुष्याने त्यास नाक्यावरच परत टाकले असते.

तीन महिन्यांनी वकिलाची नोटीस आली. ती घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या बोलण्यात दुःखापेक्षा राग अधिक होता. “फादर, मी त्याच्यासाठी एवढे केले आणि त्याने माझ्यावर केस लावली. तो माझा कामगार कसा? तीन दिवस भरले होते त्याचे. नाक्यावरचा माणूस आज माझ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. मस्टरवर त्याचे नावसुद्धा नाही.”

या वाक्यांत जे जे आले आहे, तेच बहुतेक लहान मालकांच्या मनात असते. म्हणून कायद्याचे बोलणे प्रथम उरकून घेऊ. मी वकील नव्हे. परंतु ज्या गोष्टी छापील कायद्यात स्पष्ट आहेत त्या वाचण्यास वकील व्हावे लागत नाही.

आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्यापूर्वी जखमी मजुरास मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे, आणि ते त्यास क्वचितच साधे. कारण साक्षीदार म्हणजे त्याच मालकाची भाकरी खाणारे सोबती. जर्मनीने १८८४ साली व इंग्लंडने १८९७ साली या अडचणीतून वाट काढली, तीच वाट आपल्या कायद्याने घेतली. ती अशी की, चूक कोणाची हा प्रश्नच मुळी विचारावयाचा नाही. अपघात कामामुळे व काम चालू असता झाला काय, एवढेच पाहावयाचे. झाला असेल तर मालकाने भरपाई द्यावी. मात्र ती भरपाई पूर्ण नुकसानीची नसते, ठरीव प्रमाणातच असते. म्हणजे अपघाताचा भार कायद्याने दोघांत वाटून दिला. मजुराने पुराव्याचे ओझे टाकले आणि त्याबदली काही रक्कम सोडली. मालकाने निर्दोषत्वाचा बचाव सोडला आणि त्याबदली अमर्याद रकमेच्या भयातून तो मुक्त झाला. हा व्यवहार मला तरी न्याय्य वाटतो.

आता ‘नाक्यावरचा माणूस’ याविषयी. जुन्या कायद्यात एक फट होती खरी. ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आणि मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेले असेल, तो कामगाराच्या व्याख्येतून वगळलेला होता. लक्षात घ्या, त्या काळीही या दोन्ही गोष्टी एकत्र लागत. बांधकामाच्या कंत्राटदाराने बांधकामावरच लावलेला बिगारी कधीच या फटीतून बाहेर पडत नव्हता. पुढे २००० सालच्या दुरुस्तीने ती फटही बुजविली. तेव्हा मस्टरवर नाव नसणे हा मजुराचा दोष होत नाही. झालाच तर मस्टर ठेवणाराचा होतो. २००९ सालच्या दुरुस्तीने कायद्याच्या नावातला ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने भरून द्यावा असे स्पष्ट झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे. चूक न विचारता भरपाई देण्याचे तत्त्व संहितेने तसेच ठेवले. उलट घरून कामावर जाताना वा कामावरून परतताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध दिसून आल्यास, तिने आत घेतला.

आमच्या कंत्राटदारास सर्वांत मोठा धक्का बसला तो आकड्याचा. तो मी आपणांस मांडून दाखवितो, कारण धर्मोपदेशात आकडे नसावेत असे मला वाटत नाही. महिन्याहून कमी दिवस काम झालेल्या माणसाचे मासिक वेतन, तशाच कामावरच्या तशाच माणसास महिन्याकाठी जे मिळते त्यावरून धरतात. नाक्यावरच्या बिगाऱ्यास महिन्यात वीसच दिवस काम मिळते असे धरले, तर सहाशेच्या हिशेबाने बारा हजार रुपये झाले. (हिशेबास घ्यावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा २०२० च्या जानेवारीपासून १५,००० रुपये होती.) कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास या वेतनाचे शेकडा ६० धरून त्यास वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. चाळीस वर्षांच्या माणसाचा तो आकडा १८४.१७. म्हणजे ७,२०० गुणिले १८४.१७, बरोबर १३,२६,०२४ रुपये. या माणसाचे अपंगत्व अंशतः होते. त्याची कमावण्याची शक्ती शेकडा ३० ने घटली असे वैद्याने ठरविल्यास भरपाई होते सुमारे ३,९७,८०७ रुपये. शिवाय उपचाराच्या काळात दर पंधरवड्यास मासिक वेतनाचा चौथा हिस्सा, म्हणजे ३,००० रुपये.

“आणि माझे ऐंशी हजार?” त्याने विचारले. ते उपचाराचे झाले. उपचारास दिलेली रक्कम भरपाईत वळती होत नाही.

येथे एक गोष्ट थोडी थांबून सांगतो. ‘कमावण्याची शक्ती घटणे’ आणि ‘अवयव अधू होणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. माझा घोटा उद्या मोडला तर मी काठी टेकीत वेदीपर्यंत येईन व माझी मिस्सा चुकणार नाही. बँकेतला कारकून खुर्चीवर बसून आपले काम करील. परंतु ज्याचा सगळा उदरनिर्वाह डोक्यावर घमेले घेऊन बांबूवर चढण्यावर आहे, त्याचा घोटा म्हणजे त्याची शेती, त्याचे दुकान आणि त्याची पेन्शन होय. मी त्यास पाहावयास गेलो होतो तेव्हा त्याच्या पत्नीने मला जे सांगितले ते अजून माझ्या कानात आहे. ती म्हणाली, “शेठ येऊन गेले, पैसे दिले. पण पाय उघडून नाही बघितला.”

नोटीस आल्यावर सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. या कंत्राटदारासही भेटले. एकाने सांगितले की, मजुरास दहा-वीस हजार देऊन स्टँप पेपरवर ‘माझी तक्रार नाही’ असा अंगठा घ्यावा. हा उपाय नुसता हलकट नाही, मूर्खपणाचाही आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल ठरविला आहे. आणि ठोक रकमेचा समझोता आयुक्तांकडे नोंदविल्यावाचून पक्का होत नाही. तसा नोंद न केलेला समझोता करणाऱ्या मालकाची पूर्ण रकमेची जबाबदारी कायम राहते. देय झालेली रक्कम महिनाभरात न दिल्यास शेकडा १२ व्याज, आणि विलंबास सबळ कारण नसल्यास शेकडा ५० पर्यंत दंड, हेही त्याच कायद्यात आहे. ‘केस दहा वर्षे लांबवू’ असे मिशीवर ताव देऊन सांगणाराने हे व्याज कोण भरणार तेही सांगावे.

दुसऱ्याचा सल्ला याहून गंभीर होता. कैफियतीत लिहावे की मजूर दारू प्यायला होता. आणि तेही न जमल्यास लिहावे की त्या दिवशी तो कामावर नव्हताच; तसे सांगावयास दोन गवंडी तयार आहेत.

बंधूंनो, या सल्ल्यासाठीच मी हा विषय निवडला. दारूच्या अमलाखाली झालेल्या अपघाताची भरपाई कायदा नाकारतो हे खरे आहे. परंतु इजा थेट त्या अमलामुळे झाली असे दाखवावे लागते, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तो बचाव चालत नाही. या मनुष्याने त्या दिवशी दारूला स्पर्श केला नव्हता हे मालकास माहीत होते. त्यानेच त्यास दुपारचा चहा दिला होता. तरी हा सल्ला चटकन सुचतो, कारण आदिवासी मजूर आणि दारू ही जोडी आपल्या जिभेवर तयार बसलेली आहे. न्यायाधीश विश्वास ठेवील, शेजारी ठेवतील, आणि दोन-चार वर्षांनी आपणही ठेवू. आठवी आज्ञा आपण लहान मुलांस पाठ म्हणावयास लावतो. खोट्या साक्षीची ती आज्ञा दिली गेली तीच मुळी न्यायसभेतल्या साक्षीसाठी, जेथे एका माणसाच्या शब्दावर दुसऱ्याचे घरदार अवलंबून असे. त्यात, येथे खोटी साक्ष मालक स्वतः देणार नव्हता. ती तो त्याच्या पगारावर जगणाऱ्या दोन गवंड्यांकडून देवविणार होता, आणि ते दोघेही रविवारी याच मंदिरात बसतात. आपल्या तीन-चार लाखांसाठी दुसऱ्या दोन आत्म्यांस ओलीस ठेवण्याचा अधिकार त्यास कोणी दिला? हे मी त्यास याच शब्दांत विचारले. तो बराच वेळ बोलला नाही.

मग त्याने जो प्रश्न केला तो मात्र प्रामाणिक होता, आणि त्याचे उत्तर देणे सोपे नव्हते. तो म्हणाला, “फादर, बांबू मी तपासला होता. दोरी नवी होती. माझी चूक नसताना मी पाप केले असे तुम्ही म्हणता का?”

नाही, मी तसे म्हणत नाही. आमच्या नीतिशास्त्राच्या ग्रंथांत या ठिकाणी एक जुना व बारीक भेद केलेला आहे. ज्याने जाणूनबुजून किंवा दोषास्पद हयगयीने दुसऱ्याचे नुकसान केले, तो देवापुढे दोषी आहे, आणि कोणी दावा लावो वा न लावो, भरपाई करण्यास सदसद्विवेकबुद्धीने बांधलेला आहे. ज्याच्या हातून असा नैतिक दोष घडलेला नाही, केवळ कायद्याच्या दृष्टीने जबाबदारी आली आहे, त्यास नीतिशास्त्रज्ञ निवाड्यापूर्वी दोषी धरीत नाहीत. परंतु न्याय्य कायद्यानुसार निवाडा झाला, की ती रक्कम देणे हे त्याच्यावर विवेकाचेही बंधन होते. ती चुकविणे म्हणजे मग दुसऱ्याच्या मालकीचे धन ठेवून घेणे होय. तेव्हा कंत्राटदाराच्या प्रश्नास उत्तर असे की, तुझा बांबू सुटला यात तुझे पाप नसेल. मात्र उद्या खोटी कैफियत देशील तर ते निश्चित पाप होईल.

परंतु मी त्यास तेवढ्यावर सोडले नाही. जुना भेद खरा आहे. तो लावताना पुढची पाने उलटावी लागतात. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या आपल्या विश्वपत्रात सांगितले की, मालक व मजूर यांनी राजीखुशीने करार केला म्हणजे न्याय पुरा झाला असे नाही; त्या कराराच्या मागे त्याहून जुना असा निसर्गाचा न्याय उभा असतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली श्रमावर लिहिलेल्या विश्वपत्रात अपघाताच्या वेळी मजुरास मिळावयाच्या उपचाराचा उल्लेख त्याच्या हक्कांच्या यादीत केला, दानधर्माच्या यादीत नव्हे. त्याच विश्वपत्रात ‘अप्रत्यक्ष मालक’ अशी एक कल्पना आहे. मजुराशी ज्याचा करार नाही, पण ज्याच्यामुळे त्या कराराच्या अटी अशा वा तशा होतात, त्याच्यावरही जबाबदारी येते. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव धारण करताना १८९१ च्या त्या विश्वपत्राचे स्मरण केले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेलच.

पवित्र शास्त्र तर या बाबतीत इतके व्यवहारी आहे की आश्चर्य वाटते. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास आज्ञा आहे की, त्याने धाब्यास कठडा करावा, म्हणजे कोणी तेथून पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. कठडा हा तेथे धर्माचा विषय झाला आहे! निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, मारामारीत जखमी झालेला मनुष्य अंथरुणास खिळला तर त्याच्या बुडालेल्या वेळेची भरपाई करावी व त्यास पूर्ण बरे करवावे, असे सांगितले आहे. बुडालेला रोज आणि वैद्याचा खर्च या दोन बाबी आजच्या दाव्याच्या अर्जातही वेगवेगळ्या लिहाव्या लागतात. आणि ईयोब आपल्या निर्दोषत्वाची झडती देताना एकतिसाव्या अध्यायात जे म्हणतो त्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. आपल्या दासाने वा दासीने आपल्याविरुद्ध तक्रार आणली असता मी तिचा अव्हेर केला असेल, तर देव उठून जाब विचारील तेव्हा मी काय सांगू, असा त्याचा आशय आहे. दासाने धन्यावर तक्रार आणणे हा त्यास उद्धटपणा वाटत नाही. आपणांस मात्र नोटीस हा अपमान वाटतो. “घरी येऊन मागितले असते तर दिले असते” असे आपण म्हणतो. म्हणजे द्यावयास आपली हरकत नसते, त्याने मागताना हात जोडलेले असावेत एवढेच आपणांस हवे असते.

शुभवर्तमानातील त्या शताधिपतीचे उदाहरण आपण मिस्सेत कम्युनियनपूर्वी रोज आठवतो, कारण त्याचेच शब्द आपण थोडे बदलून म्हणतो. पण तो प्रभूकडे कशासाठी आला होता? त्याचा चाकर घरी पक्षाघाताने पडून होता म्हणून.

मजुरासही मी दोन शब्द सांगितले, ते येथे गाळणे न्याय्य होणार नाही. त्याच्या अर्जात अपंगत्व शेकडा ६० लिहिले होते. कोणीतरी त्यास सांगितले होते की दुप्पट मागावे म्हणजे निम्मे मिळते. मी म्हणालो, बाबा, तुझा पाय खरोखर मोडला आहे. त्यास वाढवून सांगण्याची गरज नाही, आणि वाढवून सांगितलेस तर खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. गरिबाचे खोटे हे गरिबीमुळे खरे होत नाही. मात्र मोठ्या खोट्याची व लहान खोट्याची ताकद सारखी नसते, हेही मनात ठेवूनच मी ते बोललो.

शेवटी काय झाले? कंत्राटदाराने कैफियतीत अपघात, काम व रोज या तिन्ही गोष्टी मान्य केल्या आणि केवळ शेकडेवारीपुरता वाद ठेवला. तसा वाद घालणे हा त्याचा हक्क होता व त्यात काही गैर नव्हते. सरकारी रुग्णालयातील वैद्याने तपासून शेकडा ३० ठरविले. दोन्ही वकिलांनी (आणि वकीलवर्गास उगीच दोष देणारांनी हे ऐकावे) समझोत्याचा मसुदा मिळून केला आणि तो आयुक्तांपुढे नोंदविला गेला. पैसे उभे करण्यास कंत्राटदाराने आपले काँक्रीटचे मिक्सर विकले, थोरल्या बंधूकडून काही घेतले व उरलेल्यासाठी पतपेढीचे कर्ज काढले. ते कर्ज तो २०२५ पर्यंत फेडीत होता. त्याच्या पत्नीने त्या तीन वर्षांत काय काय सोडले हे मला ठाऊक आहे, आणि मी ते सांगणार नाही.

घरमालकाचे सांगतो. कायद्याच्या दृष्टीने त्याच्याकडे बोट दाखविणे कठीण होते. कारण ज्याचा धंदा बांधकामाचा नाही त्याने घराचे काम ठेक्याने दिले, तर ठेकेदाराच्या मजुराची जबाबदारी सामान्यतः त्याच्यावर येत नाही. (ठेकेदार न नेमता आपणच नाक्यावरून माणूस आणून छपरावर चढविणाराची गोष्ट निराळी, त्याने स्वतःस मालकच समजावे.) तथापि पावसापूर्वी काम झालेच पाहिजे असा तगादा त्याचाच होता, आणि ठेका देताना सर्वांत कमी भाव सांगणाराची निवड त्यानेच केली होती. त्या भावात परांचीला लोखंडी नळ्या येत नाहीत, बांबूच येतात. ‘अप्रत्यक्ष मालक’ हा शब्द मी त्यास समजावून सांगितला तेव्हा त्याने वाद घातला. पुढे आठवड्याने त्याने कंत्राटदारास पन्नास हजार रुपये नेऊन दिले. वाद त्याने अजून सोडलेला नाही. भेटला म्हणजे तो तेथूनच सुरुवात करतो.

मजूर आता लंगडत चालतो. चढणे बंद झाले. भरपाईच्या रकमेचा काही भाग त्याने मुलांच्या नावे ठेवला व तो एका गृहसंकुलात रात्रीचा पहारा करतो. पूर्वी मिळे त्याहून त्यास कमी मिळते.

हे सर्व ज्या एका कागदाने टळले असते, त्याविषयी बोलून मी पुरे करतो. मजुराचा घोटा कोणत्याही कागदाने वाचला नसता हे उघड आहे. परंतु कंत्राटदाराचे मिक्सर वाचले असते. कर्मचारी भरपाईचा विमा सर्वसाधारण विमा कंपन्या उतरवितात. त्याचा हप्ता मजुरीच्या एकूण रकमेवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. लहान मालक तो घेत नाही, कारण त्याचा हिशेब कामागणिक असतो आणि हप्ता दिसतो तेवढा अपघात दिसत नाही. शिवाय विमा घ्यावयाचा म्हणजे किती माणसे, किती रोज हे लिहून द्यावे लागते, आणि लिहिण्याची आमच्या लोकांस धास्ती. ‘लिहिले की अडकलो’ हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकले असेल! या कंत्राटदाराने लिहिले नव्हते, आणि तो अडकला.

आपल्या वसईत १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी बॅसीन कॅथॉलिक सहकारी संस्था स्थापन केली, तिची आज केवढी बँक झाली आहे हे आपण पाहतोच. त्या वेळच्या शेतकऱ्यास एकट्याने सावकाराशी झुंजणे अशक्य होते. सर्वांनी थोडे थोडे एकत्र केले तेव्हा ते शक्य झाले. आज आपल्या धर्मग्रामात बांधकाम, मंडप, रंगकाम, विजेची जोडणी, झाडे उतरविणे व लोखंडकाम करणारे जे आहेत, त्यांतील प्रत्येकाने एकट्याने विमा कंपनीच्या दारी जाण्याऐवजी एकत्र जाण्यास काय हरकत आहे? झाडे उतरविणारांचा उल्लेख मी मुद्दाम केला. झाडे तोडणे व ताडामाडाचा रस काढणे ही कामे १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात नावानिशी होती. माडावर चढणाऱ्या माणसाचा धोका कायदेपंडितांसही कळला होता.

या महोत्सवासाठी मंदिराच्या मनोऱ्यास रंग दिला गेला आणि पुढच्या आवारात मंडप उभा राहिला. काम सुरू होण्यापूर्वी पॅरिश कौन्सिलने ठेकेदाराकडून विमापत्र मागून घेतले व मजुरांची नावे रोजच्या रोज वहीत लिहविली. वरच्या कामास पट्टे व लोखंडी परांची लागेल असे ठरावात घातले, त्यामुळे खर्च वाढला, आणि तो का वाढला असे मला दोघांनी विचारलेही. ती वही व ते विमापत्र कचेरीत ठेवले आहे. ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य पाहावे, आपल्या कामासाठी त्याचा नमुना उतरून न्यावा. पुढल्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या सभागृहात विमा कंपनीचा एक प्रतिनिधी येणार आहे. लहान ठेकेदारांनी मागील वर्षाच्या मजुरीचा अंदाजी आकडा, जसा असेल तसा, बरोबर आणावा. मघाशी ज्याची हकीकत सांगितली तो कंत्राटदारही येणार आहे, आणि आपला हिशेब तो स्वतः मांडून दाखविणार आहे.